ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा काय करणार?

पश्चिमेच्या खोलीला मी एकदा गडद निळे, जाडजूड पडदे लावले होते. ‘ब्लॅकआउट’ म्हणून हौसेने घेतलेले. भर दुपारी दिवा लावावा लागेल इतका अंधार झाला, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. पण संध्याकाळी पाचच्या सुमारास पलंगाच्या त्या बाजूला बसवेना. सहज पडद्याला हात लावला, तर कापड नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखं तापलेलं. स्टुलावर चढून पडद्याच्या वरच्या कडेपाशी हात नेला, तर तिथून गरम हवेचा झोत सरळ खोलीत येत होता. उजेड अडला होता. उष्णता मात्र आत येऊन, कापडात मुरून, सावकाश खोलीभर पसरत होती.

पडदा जितका जाड आणि गडद तितकी खोली गार, हा समज त्या दिवशी गेला. मग या विषयात जरा खोलात शिरलो आणि लक्षात आलं, की पडदा निवडताना कापड, रंग, डिझाइन हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न एकच: उन्हाची उष्णता होते कुठे? काचेच्या बाहेर की आत?

जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली जेमतेम निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची असते. साधारण तितकीच, किंवा किंचित जास्त, न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची. आणि पाचेक टक्के अतिनील किरणांची. साध्या पातळ काचेतून यातला बहुतेक भाग, म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा, आरपार येते. आत आल्यावर ती फरशीवर, सोफ्यावर, पडद्यावर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेली वस्तूही किरण सोडतेच, पण ते वेगळ्या जातीचे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस तापलेला, म्हणून त्याचे किरण आखूड तरंगलांबीचे. आपली फरशी चाळीस-पन्नास अंशांची, तिचे किरण लांब तरंगलांबीचे. आणि काचेची गंमत अशी, की आखूड किरणांना ती वाट देते, लांब किरणांना देत नाही. त्यात तापलेली हवाही आत कोंडून राहते, म्हणून उन्हात उभी केलेली बंद गाडी भट्टी होते. आपली खोली म्हणजे तीच गाडी, फक्त जरा मोठी.

आता यात पडद्याचं काम काय? त्याच्यावर पडलेल्या उन्हाचे तीनच भाग होऊ शकतात. काही परत फिरतं, काही कापडात मुरतं, काही आरपार जातं. तिघांची बेरीज नेहमी शंभर. कापड आपल्या अंगात मुरलेली उष्णता गिळून टाकत नाही. ते तापतं आणि ती आसपासच्या हवेला आणि खोलीला देऊन मोकळं होतं. पडदा काचेच्या बाहेर असेल तर मुरलेली उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो. आत असेल तर ती घेणारं आपल्याशिवाय कोणी नाही.

त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पडद्याचा हिशेबच निराळा होतो. आतल्या पडद्याकडून एकच अपेक्षा ठेवायची: आलेला उजेड तापायच्या आत, उजेड असतानाच, काचेतून परत पाठव. म्हणजे काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी हवी. खोलीकडची बाजू निळी असो, विटकरी असो, कशीही चालेल. बाहेरच्या पडद्याच्या बाबतीत मुरलं किती याने फारसं बिघडत नाही. आरपार किती जातं एवढंच पाहायचं. माझ्या निळ्या पडद्याला अस्तरही निळंच होतं. त्याने ऊन परत पाठवण्याऐवजी मनसोक्त पिऊन घेतलं.

ही उष्णता असते तरी किती, याचा एक ढोबळ हिशेब करून बघा. चार फूट बाय चार फुटांची पश्चिमेची खिडकी, सूर्यास्ताला दोन तास उरलेले, आकाश निरभ्र, सूर्य समोर. अशा वेळी उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॉट ऊन पडतं. खिडकी दीड चौरस मीटरची. काचेतून आत येतात सातशे-एक वॉट. छोटा रूम हीटर चालू करून ठेवल्यासारखंच झालं. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने साधारण ३५०० वॉट उष्णता खोलीबाहेर काढतो. त्यातला पाचवा हिस्सा या एका खिडकीची हमाली करण्यात जातो.

त्याच खिडकीतून नुसत्या हवेच्या तापमानातल्या फरकामुळे, म्हणजे बाहेर ४० अंश आणि आत २७ असताना, एकेरी काचेतून झिरपून येणारी उष्णता शंभर-सव्वाशे वॉट भरते. म्हणजे खरा शत्रू कडक ऊन. गरम हवा त्याच्या मानाने किरकोळ. ‘इन्सुलेशन’च्या नावाखाली महागडे पडदे विकले जातात तेव्हा हे दोन आकडे आठवावेत. थंड प्रदेशात आतली ऊब धरून ठेवायची असते, तिथे इन्सुलेशनचं पारडं जड. आपल्याला आधी सावली हवी.

सावलीचा विचार करायचा तर दिशा बघावी लागते. आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात: घरभर एकाच जातीचे पडदे. दिसायला छान, पण सूर्य प्रत्येक भिंतीशी वेगळं वागतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला वीसेक अंशांवर घर आहे असं धरू. मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असेल तर त्या वेळी चार फुटांची अख्खी खिडकी सावलीत जाते. पडद्याला काही कामच उरत नाही. २१ डिसेंबरच्या दुपारी मात्र सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो आणि तोच छज्जा वरच्या दीड-पावणेदोन फुटांपलीकडे सावली देत नाही. हिवाळ्यात ऊन आत आलेलं बहुतेकांना आवडतं, त्यामुळे तक्रार नसते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी दक्षिणेऐवजी उत्तर वाचावं आणि महिने उलटे धरावेत.

पूर्व-पश्चिमेला छज्जाचं काही चालत नाही. मघाचीच संध्याकाळची वेळ घ्या. सूर्य २७-२८ अंशांवर उतरलेला असतो आणि खिडकीत सरळ डोकावतो. दीड फुटाचा छज्जा तेव्हा वरची नऊ-दहा इंच काच झाकतो. उरलेल्या सव्वातीन फुटांचं काय करायचं ते पडद्याने बघायचं. त्यातही पूर्वेचं ऊन रात्री निवालेल्या घरात येतं, म्हणून सोसवतं. पश्चिमेचं येतं तेव्हा भिंती, स्लॅब, हवा सगळं आधीच तापून बसलेलं असतं. खिशात एकाच खिडकीपुरते पैसे असतील तर ते पश्चिमेला खर्च करावेत, यावर मी ठाम आहे.

आणि जमलं तर बाहेरून. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने घरमालकांसाठी दिलेल्या माहितीत आकडे आहेत: खिडकीवर बाहेरून ताणलेली कापडी छत्री, म्हणजे ऑनिंग, दक्षिणेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेची ७७ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. आतून लावलेल्या, पूर्ण बंद केलेल्या, चांगल्या चकचकीत पट्ट्यांच्या ब्लाइंडने सुमारे ४५ टक्के. मध्यम रंगाच्या, मागून पांढरं प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पडद्यांनी ३३ टक्के. पश्चिमेची छत्री उतरती आणि बरीच खाली येणारी हवी, हे मघाच्या नऊ इंचांवरून कळलंच असेल.

बाहेरून लावायचं म्हणजे फार काही थाटामाटाचं असावं लागतं असं नाही. बाल्कनीच्या कठड्यापर्यंत सोडलेला बांबूच्या काड्यांचा पडदा, चौकटीवर ताणलेलं शेडनेट, लाकडी झडपा, जाळीवर चढवलेली वेल हे सगळे त्याच तत्त्वावर चालतात. वेल तर कापडाहून हुशार. पानांतल्या पाण्याची वाफ होत राहते, त्यामुळे ती कापडासारखी तापत नाही. महागातला प्रकार म्हणजे दोन्ही कडांना खाचेत धावणारा बाहेरचा रोलर, ‘झिप स्क्रीन’. तो वाऱ्यात फडफडत नाही आणि कडांनी ऊनही सोडत नाही. पण वादळी वाऱ्याच्या दिवसांत कुठलाही बाहेरचा पडदा गुंडाळून ठेवता आला पाहिजे. उंच मजल्यावर तर याची चौकशी आधी करा: वारा किती, दुरुस्तीला हात कसा पोचणार, इमारतीचे नियम बाहेरून काही लावू देतात का. समुद्राजवळ लोखंडी खिळा-क्लॅम्प लावलात तर दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ भिंतीवर दिसतील.

भाड्याच्या घरात किंवा नियम आड येतात तिथे आतूनच भागवावं लागतं. तसं बघितलं तर बहुतेकांचं असंच असतं, त्यामुळे आतल्या पर्यायांकडे नीट बघू.

कापडाचे रोलर आता सगळीकडे दिसतात. त्यातलं ‘सनस्क्रीन’ कापड म्हणजे बारीक छिद्रांची विणलेली जाळी, बहुधा पीव्हीसीचा लेप दिलेला पॉलिस्टर किंवा फायबरग्लासचा धागा. त्यावर १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात. हा आकडा छिद्रांचा: कापडाच्या एकूण क्षेत्रफळात मोकळी भोकं किती. ५ टक्के म्हणजे ५ टक्केच उजेड येणार, असं मात्र नाही. पांढऱ्या कापडाचा धागाही उजेड झिरपू देतो, त्यामुळे प्रत्यक्षात बराच जास्त उजेड येतो. काळ्या कापडात धाग्यातून जवळपास काहीच येत नाही.

यातून एक चमत्कारिक पेच उभा राहतो. खिडकीतून बाहेरचं झाड बघायचं असेल तर काळं किंवा करडं सनस्क्रीन सरस. पांढरं कापड उन्हात स्वतःच उजळून निघतं, डोळे दिपतात, पलीकडचं धुरकट दिसतं. पण आतून लावलेलं काळं कापड ऊन पितं आणि तापतं. पांढरं कापड ऊन परतवतं, खोली गार ठेवतं, पण नजारा पुसून टाकतं. यावर दोन उतारे आहेत. एक, कापड बाहेर लावा. तिथे काळं चालतं, मग गारवा आणि नजारा दोन्ही मिळतात. दुसरा, दुहेरी रंगाचं कापड: काचेकडे पांढरं किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं, खोलीकडे गडद. महाग पडतं, पण पश्चिमेला वाजवी. कॉम्प्युटरवर काम करायची खोली असेल तर ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका; समोरून आलेली सूर्याची एक तिरीपही पडद्याच्या भोकांतून ठिपक्यासारखी डोळ्यात घुसते.

आणि रात्रीचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. दिवसा या जाळीतून तुम्हाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, कारण उजेड बाहेर जास्त असतो. दिवे लागले की फासे उलटतात. शयनकक्षात नुसती जाळी लावलीत तर रात्री समोरच्या इमारतीला तुमचं सावल्यांचं नाटक फुकट. सोबत साधा कापडी पडदा हवाच.

आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड मला व्यक्तिशः आवडतात, कारण त्यांना वळवता येतं. पट्टीची खोलीकडची कड थोडी वर उचलली की उजेड छताकडे फेकला जातो. खोली उजळते आणि थेट ऊन अंगावर येत नाही. दुपारच्या चढत्या सूर्याला हे छान जमतं. सूर्य पश्चिमेला खाली आला की आडव्या पट्ट्या पार मिटाव्याच लागतात. तिथे उभ्या पट्ट्या थोड्या कामाला येतात, कारण सूर्य एका बाजूने येत असतो तोवर त्याच्याकडे पाठ करून दुसरी बाजू उघडी ठेवता येते. पट्ट्यांवर धूळ किती बसते ते मात्र विचारू नका.

मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ‘हनिकोम्ब’ पडदे हवा कोंडून ठेवतात. एसी दिवसभर चालत असेल आणि ते चौकटीत घट्ट बसवलेले असतील तर गुणकारी. खिडकी उघडी ठेवायची सवय असेल तर तो खर्च वाया. कप्प्यांत किडे आणि धूळ शिरते ते वेगळंच. झेब्रा ब्लाइंड, म्हणजे एकाआड एक जाड आणि जाळीदार आडव्या पट्ट्यांचे दुहेरी पडदे, दिसायला देखणे, बाकी विशेष नाही. काचेवरच्या फिल्मचा विचार करणाऱ्यांनी आपली काच कुठल्या प्रकारची आहे हे आधी बघावं: उष्णता शोषणारी गडद फिल्म साध्या काचेला असमान तापवते, उन्हातला भाग प्रसरण पावतो, चौकटीतली कड गार राहते आणि त्या ओढाताणीत काच तडकू शकते. पडदा काचेला अगदी चिकटून लावला तरी हाच धोका थोडा असतो. मध्ये दोन-एक इंच जागा सोडावी. उलट, घराला आधीच उष्णतारोधक लेपाची काच असेल, तर निम्मं काम झालेलं आहे. मग पडदा फक्त डोळ्यांना दिपवणाऱ्या उजेडासाठी आणि आडोशासाठी निवडा.

अतिनील किरणांबद्दल एवढंच, की साधी काच त्यातले अधिक दाहक किरण बरेचसे अडवते, पण बाकीचे मोठ्या प्रमाणात येऊ देते. सोफ्याचा एकच हात फिका पडलेला दिसतो तो त्यांच्यामुळे, आणि काही प्रमाणात साध्या उजेडामुळेही. त्यामुळे रेशमी किंवा गडद सुती पडद्याला अस्तर नसेल तर तो घडीच्या कडेला आधी विटतो, मग विरतो.

आता बसवण्याकडे. चांगलं कापड वाईट बसवलं की अर्धा फायदा फटींतून निघून जातो. रोलर ब्लाइंडचं कापड त्याच्या दांडीपेक्षा थोडं अरुंद असतं, कारण टोकांना यंत्रणा असते. चौकटीच्या आत बसवलंत तर दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटरची फट राहणार, आणि पश्चिमेचं ऊन त्यातून भिंतीवर सोनेरी पट्टी ओढणार. अंधार हवा असेल तर चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवा आणि प्रत्येक बाजूला तीन-चार इंच जास्त घ्या. आतच बसवायचं असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी भरेल ती द्या. खिडक्या काटकोनात असतात यावर विश्वास ठेवू नका. मोजमापाला शिवणकामाची कापडी टेप नको, ती ताणते.

वरची बाजूही बंद करा. पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापून वर चढते आणि वरच्या फटीतून खोलीत ओतते. खालून थंड हवा तिची जागा घेते आणि हे रहाटगाडगं चालू राहतं. माझ्या हाताला लागलेला झोत तोच. जुन्या घरांत पडद्यावर लाकडी पेलमेट, म्हणजे पडद्याची वरची कड झाकणारी पेटी, असे; त्याला नुसती शोभा समजून आपण काढून टाकलं. पेलमेट किंवा छताला भिडवलेली पट्टी हा झोत बराच रोखते. हां, खिडकी वरून थोडी उघडता येत असेल तर तीच गरम हवा बाहेर सोडून देता येते, आणि ते अधिक चांगलं.

घरात लहान मूल असेल तर साखळीचा लोंबता फास ठेवू नका. तो गळ्यात अडकून मुलं दगावली आहेत. विनादोरीचे रोलर मिळतात. साखळीच घ्यायची असेल तर ती भिंतीला ताणून धरणाऱ्या खुंटीत अडकवा, आणि पाळणा किंवा पलंग खिडकीपासून लांब सरकवा.

पडदा कधी ओढता यालाही तितकंच महत्त्व. ऊन आत येऊन फरशी तापल्यावर पडदा ओढणं म्हणजे चोर गेल्यावर कडी लावणं. पूर्वेचे पडदे उजाडण्याआधी बंद आणि ऊन सरलं की उघडे; पश्चिमेचे दुपारी जेवणाआधीच बंद. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की पडदे आणि खिडक्या सताड उघड्या. पडदा बंद ठेवून पंखा लावला तर भिंतींत दिवसभर मुरलेली उष्णता तुमच्याच डोक्यावर फिरत राहते.

खरेदीला जाताना नमुन्याच्या वहीतून कापड बोटांनी चाचपून निवडू नका. त्या वहीत अनेकदा बारीक अक्षरांत तीन आकडे छापलेले असतात: परावर्तन (परत फिरतं किती), शोषण (मुरतं किती), पारगमन (आरपार जातं किती). आतला पडदा घेताय तर पहिला जास्तीत जास्त हवा. बाहेरचा घेताय तर तिसरा कमीत कमी. आकडे नसतील तर तळहाताएवढे दोन-तीन नमुने मागून आणा. चिकटपट्टीने आपल्याच पश्चिमेच्या काचेवर, आतून, शेजारीशेजारी लावा, मध्ये बोटभर जागा सोडून. दुपारी चार ते पाच तसेच राहू द्या. मग प्रत्येकाच्या मागे, कापडाला न लावता, हाताची पालथी बाजू धरा. मी हे केलं तेव्हा पांढऱ्या अस्तराच्या कापडामागे हात निवांत राहिला. जुन्या निळ्या पडद्याच्या तुकड्यामागून मिनिटभरात काढून घ्यावासा वाटला. तो निळा पडदा अजून आहे. मागे पांढरं अस्तर शिवून घेतलं आणि उत्तरेच्या खोलीत लावला.